माझ्या मेंढीची ओळ

माझं काम काय आहे ते मी आईला चार-पाच वेळा समजावून सांगितलं आणि प्रत्येक वेळी तिनं "बरं बाई" म्हणून चहाचं आधण ठेवलं. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मात्र एकदाच सांगावं लागलं. फोनच्या पडद्यावर एक यादी असते, म्हटलं. सामानाची असेल, माणसांची असेल, कशाचीही. तिच्यामागं माहितीचा ढीग असतो आणि तो सारखा बदलत असतो. नवं काही येतं, जुनं जातं, काही आहे तिथंच बदलतं. पडद्याला आपण होऊन यातलं काही कळत नाही. काय बदललं ते हुडकायचं आणि पडद्याला सांगायचं, हे माझं काम.

आप्पा म्हणाले, "मग आमी दुसरं काय करतो? सांजच्याला वाड्यात मेंढरं शिरताना हेच की."

सांगोल्याच्या पुढं आमचं गाव. आप्पांकडे चाळीस-पंचेचाळीस मेंढ्या असायच्या. संध्याकाळी ते जाळीच्या वाड्याच्या तोंडाशी उभे राहायचे आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक मेंढीच्या पाठीवरून हात फिरवायचे. मोजायचे नाहीत. मोजायचं खातं मी माझ्याकडे घेतलं होतं, कारण मला नुकतंच शंभरापर्यंत यायला लागलं होतं आणि ते कुठंतरी मिरवल्याशिवाय चैन पडत नव्हतं. एकदा मी ऐटीत सांगितलं, "चव्वेचाळीस. समद्या आल्या." आप्पा म्हणाले, "चव्वेचाळीस आल्या खऱ्या, पर त्यातली एक आपली न्हाई." आणि खरंच, पाण्यावर दोन कळप एकत्र झाले होते. शेजारच्यांची एक आमच्यात आली होती, आमची एक त्यांच्यात गेली होती. मी फुरंगटून बसले. मग मला वाड्याच्या तोंडाशी उभं करून ते म्हणाले, "आदी बघायचं, हीच ती हाय का. मग बघायचं, काल हुती तशी हाय का. काल लंगडत नव्हती न् आज लंगडती, तर मेंढी तीच ऱ्हाती, पर आपल्याला थांबून काटा काढावा लागतो."

पुढं शिकून मी याच कामात पडले तेव्हा यातली पहिली गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसलेली होती. दुसरी कुठं सांडली देव जाणे.

आमच्या घरात एक चाल आहे. मूल झालं की बारशाच्या दिवशी एक मादी कोकरू त्याच्या नावानं ठेवायचं. ती मेंढी विकायची नाही, कापायची नाही. ती म्हातारी झाली की तिच्याच पोटची एखादी तिची जागा घेते. मी इंजिनिअर झाले, सोलापुरात आले, पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायला लागले, तरी गावाकडं माझी मेंढी चरतच होती. फोनवर आप्पा माझी विचारपूस करायचे नाहीत, तिची खबर द्यायचे. "तुजी मेंढी ठणठणीत हाय" म्हणजे घरात सगळं बरं आहे. "तुजी मेंढी दोन दिस खाईना" म्हणजे मी बऱ्याच दिवसांत गावी गेले नाही. मला हे सगळं कळायचं आणि मी पुढच्या शनिवारी एसटी पकडायचे.

मग आमचं भांडण झालं. आप्पांना चढावर दम लागायला लागला होता. डॉक्टरांनी उन्हात हिंडायचं बंद करा म्हणून सांगितलं आणि आप्पांनी डॉक्टर बदलला. इकडे मी, त्यांना न विचारता, शहरातल्या जुळे सोलापूर भागात एक खोली जास्तीची असलेलं घर भाड्यानं घेतलं. खाट आणली, पडदे लावले, आणि गावी जाऊन जाहीर केलं, "मेंढ्या विका आणि दोघं तिकडं चला." विचारायची रीत मला नव्हतीच, मी थेट हुकूम सोडला. आप्पा म्हणाले, "मी काय माळ्यावर टाकायचं सामान हाय व्हय?" शब्दानं शब्द वाढला. शेवटी मी म्हणाले, "मग मरा इथंच उन्हात."

हे वाक्य मी बोलले आहे. लिहिताना ते गाळून टाकायचा फार मोह झाला.

खाण तशी माती. दोघांच्याही नाकावर राग आणि माफी मागायची आमच्यात पद्धत नाही. नंतर फोन व्हायचे, पण पाऊस, चारा आणि ठेवू का, एवढेच. मला ते सोसवेना. माफी मागण्याऐवजी मी दोन संध्याकाळी बसून आप्पांसाठी एक ॲप केलं. प्रत्येक मेंढीला एक ओळ: फोटो, कानातल्या बिल्ल्याचा आकडा आणि पुढं शेऱ्याचा चौकोन. आप्पांनी त्यांच्या फोनवर लिहायचं, मला माझ्या फोनवर दिसायचं. दिवाळीला गेले तेव्हा त्यांच्या फोनमध्ये घालून दिलं. भांडणाबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही नाही. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण एका बोटानं चार दिवसांत त्यांनी सगळा कळप भरून काढला. माझ्या मेंढीपुढं पहिला शेरा पडला: "बरी हाय. चरतीया."

आता चूक सांगते. ती समजायला शाळा लागत नाही.

गावाकडं रेंजचा भरवसा नाही म्हणून माझा फोन शेवटची यादी जपून ठेवायचा. नवी यादी आली की जुनीशी ताडून बघायचा. ताडायचं कशावर, तर बिल्ल्याच्या आकड्यावर. नवा आकडा दिसला तर नवी ओळ जोड. एखादा आकडा नाहीसा झाला तर ती ओळ काढ. आकडा तोच असेल तर जुन्या ओळीला हात लावू नकोस. सगळ्या ओळी दरवेळी पुन्हा रंगवल्या की फोन धापा टाकायला लागतो, म्हणून हा आखडता हात. शहाणी माणसं आकडा तोच असला तरी ओळीच्या आत डोकावून बघतात, मजकूर बदललाय का म्हणून. मी ते केलं नाही. ऑफिसातही हीच युक्ती वापरून माझ्या याद्या कशा झरझर पळतात म्हणून मी शाबासक्या घेतल्या होत्या. घरच्या कामाला कोण एवढं बघतं?

आणि यादी जिवंत दिसायची, हे सगळ्यात वाईट. कोकरू झालं की माझ्या फोनवर नवी ओळ अलगद सरकत यायची. बाजारात मेंढी गेली की तिची ओळ मिटायची. मीटिंग चालू असताना मी टेबलाखाली फोन धरून ते बघायचे आणि हसायचे. त्यामुळं शंका यायला जागाच नव्हती. फक्त माझ्या मेंढीपुढं महिनोन्‌महिने तेच: "बरी हाय. चरतीया." मला त्याचा राग यायचा. म्हटलं, बघा म्हाताऱ्याचा हेका. चार शब्द जास्त लिहिले असते तर बोट झिजलं असतं का? मीही मग विचारलं नाही. न विचारण्यात मी बापाच्या वरचढ आहे.

सोलापुरातली संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठून गेली होती आणि ऊन तापायला लागलं होतं, तेव्हा एके दिवशी दुपारी आप्पांचा फोन आला. आपणहून ते कधी करायचे नाहीत.

"लिवलंय ते बघितलंस का?"

"कुटं?"

"तुज्या मेंढीम्होरं. दुसरीकडं कुटं लिवनार?"

बोलता बोलताच मी यादी उघडली. माझी मेंढी. बरी हाय. चरतीया.

"बघितलं की, आप्पा."

"मग? तुजं काय म्हननं?"

"माजं काय म्हननं असनार? झ्याक चाललंय. हाय तसंच ऱ्हाऊ द्या."

"हाय तसंच?"

"व्हय की."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

मला आठवतं, त्या दिवशी मी खूश होते. बऱ्याच दिवसांनी आमचं भांडणाशिवाय बोलणं झालं होतं. खालच्या मजल्यावर मालकीणबाई गच्चीत वाळवायच्या पापडांवरून सुनेला तेलुगूत झापत होत्या. मी वरून डोकावून त्यांच्याशी उगीचच दोन शब्द बोलून आले.

आप्पा चैत्रात गेले. मेंढ्या पाण्यावर नेताना बांधाला टेकून बसले ते उठले नाहीत. संध्याकाळी कळप आपला आपण घरी आला, वाड्याच्या तोंडाशी येऊन खोळंबला, आणि पाठीवरून हात फिरवायला कोणी नाही हे बघून आईनं हंबरडा फोडला. चुलत्यांनी मला कळवलं. मी पोहोचले तेव्हा त्यांच्या पायातल्या वहाणा कोणीतरी दाराशी नीट जोडून ठेवलेल्या होत्या.

तेराव्यानंतर चुलत्यांनी मेंढ्या त्यांच्या कळपात घेतल्या, माझी मेंढीही त्यांच्याकडेच राहिली. आईला मी सोलापूरला आणलं. या वेळी हुकूम सोडला नाही, हात धरून आणलं. ती आली, पण राहायला आल्यासारखी आली नाही. तिचं गाठोडं दाराजवळच्या कोपऱ्यात बांधलेलंच होतं. खाटेवर बसायची तर अगदी कडेला, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी. चार दिवसांनी येणाऱ्या नळाचं पाणी भरताना मला विचारायची, "म्या एक तांब्या घिऊ का?" आपली ताटली आपण घासायची. दर दोन दिवसांनी विचारायची, "मला परत कवा न्हेऊन सोडतीस?" मी समजून चालले की दुःख आहे, गावाची ओढ आहे, निवळेल हळूहळू. एकदा चिडलेही. म्हटलं, "अगं, तुझ्याच लेकीचं घर आहे, पाहुणी असल्यासारखी काय वागतेस?" तिनं जाऊन गाठोड्याची गाठ आणखी आवळली.

अशात एके सकाळी ऑफिसातली तपासणीचं काम बघणारी सहकारी फोनवर म्हणाली, तुझ्या यादीत गडबड आहे. एका गोदामाची यादी होती. नवा माल आला की दिसतो, संपलेला माल निघून जातो, पण आधीपासून असलेल्या मालाचा शेरा बदलला तर पडद्यावर जुनाच राहतो. मी नेहमीप्रमाणे अंगावर गेले. तुझ्याकडं रेंज नसेल, म्हटलं. बदल मुळात आलाच नसेल. ती शांतपणे म्हणाली, आलाय, पडद्याच्या मागं बघ. मी बघितलं. माहिती आलेली होती, नवी, बरोबर, सगळीच्या सगळी. फक्त मी आखडलेल्या हातामुळं ती पडद्यापर्यंत पोहोचत नव्हती. आकडा तोच, म्हणून ओळ तीच.

एका ओळीची दुरुस्ती. पाच मिनिटांत केली, तिला कळवलं, तिनं ठीक आहे म्हटलं. मी पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात मला आठवलं की हीच युक्ती मी आणखी एका ठिकाणी वापरली आहे.

तीच दुरुस्ती मी आप्पांच्या ॲपमध्ये केली आणि फोनवर यादी पुन्हा उघडली. एकेक ओळ फुगत गेली. आप्पांनी जवळजवळ रोज लिहिलेलं होतं. कुठल्या मेंढीला जंताचं औषध दिलं, कुठलीनं कोकराला पाजलं नाही. आणि एका मेंढीला एकच ओळ, असा त्यांचा हिशेब. नवं काही सांगायचं असलं तरी नवी ओळ त्यांनी कधी घातली नाही, जुन्याच चौकोनात खाली खाली लिहीत गेले. एकदा जरी नवी ओळ घातली असती तर मला दिसली असती. पण मेंढी एक, तर ओळ दुसरी कशाला? त्यांचं बरोबरच होतं.

माझ्या मेंढीची ओळ सगळ्यात लांब होती.

"बरी हाय. चरतीया.

आज लंगडली. काटा काढला.

दोन कोकरं झाली. मादी तुजीच.

तुज्या आईचा गुडगा लई दुकतो. सांगू नका म्हनली.

मला आता चढ जमत न्हाई.

तू म्हनलीस ते बराबर हुतं. मी रागात बोललो. तू पन बोललीस. जाऊ दे. मेंढ्या इकाव्या म्हनतो, तुजी सोडून. आमी दोगं तुज्याकडं येऊन ऱ्हाऊ का. जागा हाय का बघ. फोनवर बोलाया जमत न्हाई म्हनून लिवतोय.

बघितलं म्हनलीस. बरं. हाय तसंच ऱ्हाऊ दे.

राग न्हाई."

आणि त्याच्या खाली, रोजच्या रोज, जायच्या आदल्या दिवसापर्यंत, परत तेच: "बरी हाय. चरतीया." "बरी हाय. चरतीया."

मी फरशीवर बसले. त्यांनी विचारलं होतं. आयुष्यात कोणाला काही न मागितलेल्या माणसानं, एका बोटानं, अक्षर अक्षर शोधून मला विचारलं होतं की येऊ का. माझ्याकडं एक अख्खी खोली होती. खाट होती, पडदे होते, त्या खोलीत मी धुणं वाळत घालत होते. आणि मी त्यांना सांगितलं होतं, हाय तसंच ऱ्हाऊ द्या. त्यानंतरचे दोन महिने ते त्याच उन्हात मेंढ्यांमागं हिंडले, त्यांच्या लेखी पोरीनं विचार करून दिलेलं उत्तर पदरात घेऊन.

आई आतून आली. "काय झालं गं?"

मी तिला वाचून दाखवायला लागले. "येऊन ऱ्हाऊ का" इथपर्यंत आले. तर पुढचं तिनंच म्हटलं, डोळे खिडकीकडं लावून: "जागा हाय का बघ."

"तुला माहीत होतं?"

"म्याच घालाया लावलं ते," ती म्हणाली. "ते म्हनले, नुस्तं येऊ का म्हनून लिवतो. मी म्हनलं, तसं नको. तिचं घर भाड्याचं, तिची बी काई अडचन असंल. जागा हाय का बघ म्हनून लिवा, म्हंजे तिला न्हाई म्हनाया जड जानार न्हाई."

ती खाली माझ्याजवळ बसली.

"मग त्यांनी फोन केला. तू बघितलं म्हनलीस, हाय तसंच ऱ्हाऊ द्या म्हनलीस. त्या दिशी जेवले न्हाईत. दुसऱ्या दिशी मला म्हनले, पोरीवर राग धरू नगंस, ती बी दमती." तिनं पदर तोंडाला लावला आणि परत काढला. "त्यांना नगं म्हनलेल्या घरात म्या एकटी कशी पाय पसरू, सांग की. म्हनून गाठोडं सोडलं न्हाई."

आता मला बोलणं भाग होतं. इतकी वर्षं मी लोकांना ही गोष्ट समजावत आलेय, पडद्यावर आकृत्या काढून, इंग्रजी शब्द फेकून. आईपुढं एकही शब्द उपयोगाचा नव्हता. मी फोन तिच्या हातात दिला. म्हटलं, आप्पांनी लिहिलं ते या फोनात आलं होतं, आई. सगळं आलं होतं. पण मीच त्याला सांगून ठेवलं होतं की मेंढी तीच असली तर पुढचं बघू नकोस. म्हणून त्यानं मला दाखवलंच नाही. मी बघितलं म्हणाले तेव्हा मला फक्त "बरी हाय, चरतीया" एवढंच दिसत होतं. त्याला मी आहे तसंच राहू द्या म्हणाले.

तिनं फोन उलटसुलट करून बघितला. तिला अक्षर वाचता येत नाही, पण माझ्या मेंढीच्या फोटोवर तिचं बोट थांबलं.

"म्हंजे तू त्यांना नगं म्हनली नव्हतीस?"

"नाही गं आई. त्यांच्यासाठीच तर घेतलं होतं हे घर."

मग ती मला जवळ घेईल असं वाटलं, रडेल असं वाटलं, निदान माझ्यावर ओरडेल असं तरी वाटलं. तिनं त्यातलं काही केलं नाही. ती उठली, त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि रिकाम्या खाटेकडं बघत म्हणाली,

"मग आता ह्यांना कुनी सांगायचं?"